अर्ध्या दाण्याएवढी पेस्ट

फोन आला तेव्हा नाथाचा गेम, म्हणजे हातातलं ते खेळायचं यंत्र, माझ्या दुकानात टेबलावर उघडा पडला होता. पाठीचं झाकण एका बाजूला, बॅटरी सुटी करून फडक्यावर ठेवलेली, आणि मधोमध ती नखाएवढी चिप, स्पिरिटनं पुसून लख्ख केलेली. स्क्रू त्यानं कागदी चिकटपट्टीवर ओळीनं लावून ठेवले होते, कुठला कुठून निघाला ते पेनानं लिहून. पलीकडून त्याची बायको वर्षा बोलत होती, पण शब्द धड लागत नव्हते. "ताई, हे पडलेत... कंपनीत पडलेत... तळेगावला आणलंय दवाखान्यात..." मी शटर ओढलं आणि निघाले. लोणावळ्याहून तळेगाव काही फार लांब नाही. तरी मी पोचले तेव्हा नाथा गेलेला होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर मामा बसले होते. मामा म्हणजे नाथाचे वडील, माझ्या आईचे थोरले भाऊ. गावाहून बाजाराला ते तळेगावातच आले होते, म्हणून माझ्या आधी पोचलेले. टोपी डोक्यावरून काढून हातात धरलेली. शेजारी कंपनीचा एक साहेब, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि हातात खास मामांसाठी आणलेली थंड पाण्याची बाटली. फार मायेनं विचारत होता. "आबा, झोप व्हायची का हो त्यांची नीट?" आणि मामा, ज्यांचा एकुलता एक मुलगा आतल्या खोलीत चादरीखाली होता, ते वर्षानुवर्षं जे बोलत आले तेच बोलून गेले. "कुटली झोप सायेब! रातरात त्यो गेम. डोळ्याच्या पार खाचा झाल्यात्या. सांगून सांगून थकलो आमी. त्या गेमनंच खाल्ला माज्या पोराला." साहेबानं समजुतीनं मान हलवली. बरोबरच्या माणसानं कागद पुढे केला, मामांनी सही केली. त्या घटकेला कागद कसला आहे हे विचारायला कुणाचं डोकं ठिकाणावर होतं?

गेमनं खाल्ला. हे दोन शब्द मी त्यानंतर इतक्या तोंडांतून ऐकले की आता कुणी नुसतं "गेम" म्हटलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माती द्यायला आलेले पाहुणे बोलले, वराळ्यात त्याच्या इमारतीतले शेजारी बोलले, आणि ज्यांनी नाथाला लग्नात एकदा पाहिलं होतं तेही हळहळत बोलले. एक दूरची मावशी तर माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुज्याच दुकानातला न्हवं का गं त्यो गेम?" होय, माझ्याच दुकानातला. आणि म्हणूनच हे लिहायला मी बसले आहे. अशा लेखांत गेलेला माणूस किती मनमिळाऊ होता, हे सांगायची पद्धत असते. नाथा मनमिळाऊ नव्हता. खडूस होता, चहात साखर कमी पडली तर तोंड वाकडं करायचा, लग्नाकार्यात कोपरा धरून बसायचा. पण तो कसा मेला याबद्दल खोटं बोललं जातंय, आणि ते मला सहन होत नाही.

त्याचं गाव आंदर मावळात, आत डोंगराच्या पायथ्याला. माझी आई तिथलीच, त्यामुळे शाळेच्या सुट्ट्या आम्ही तिकडेच काढायचो. नाथा माझ्याहून थोडा लहान. वस्तू उघडायचं वेड त्याला तेव्हापासून. बॅटरी उघडली, रेडिओ उघडला, एकदा मामांचं मनगटी घड्याळ उघडलं आणि मामांनी त्याला गोठ्यापासून ओढ्यापर्यंत पळवत मारलं. घड्याळ मात्र त्यानं चालू करून दिलं. मामांनी ते हातावर बांधलं आणि पुन्हा एक धपाटा घातला, उघडलंच का म्हणून. मामांचं प्रेम असंच असतं, असं घरातल्या बायका सांगायच्या. मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. माणसाला नावं ठेवायची एकदा सवय लागली की पुढे त्याच्याकडे बघायची गरजच उरत नाही.

पुढे आयटीआय करून नाथा वराळ्याजवळच्या एका कारखान्यात लागला. गाड्यांचे लोखंडी भाग भट्टीत लालबुंद तापवायचे आणि तेलात बुडवून टणक करायचे, असं तिथलं काम. मी लग्नानंतर लोणावळ्यात आले, नवऱ्याच्या जोडीनं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि नवऱ्याला नोकरी लागल्यावर ते एकटीनं चालवू लागले. लोणावळ्यात हा धंदा म्हणजे पावसाळ्यात धबधब्यात भिजलेले फोन आणि उन्हाळ्यात गाडीच्या काचेखाली भाजलेले फोन. अशाच एका उन्हाळ्यात कुणी पर्यटक हातात धरून खेळायचा एक गेम ठेवून गेला. दहा मिनिटांत तापतो आणि बंद पडतो, म्हणाला. परत आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "टाकून द्या, मी नवीन घेतला." साप्ताहिक सुट्टीला नाथा दुकानात यायचा. त्यानं तो हातात घेतला, उलटा केला, कानाशी नेऊन पंख्याचा आवाज ऐकला आणि विचारलं, "उगडू का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. असल्या यंत्राच्या पोटात एक चिप असते. काम करते ती, आणि तापते तीच. तिच्या डोक्यावर तांब्याची पट्टी बसवलेली असते, ती उष्णता ओढून घेते आणि छोटा पंखा ती बाहेर फेकतो. पण चिप आणि पट्टी कितीही घट्ट बसवली तरी मधे बारीक फट राहतेच. ती भरायला राखाडी रंगाची पेस्ट लावतात. काही वर्षांत ती वाळते, खडूसारखा तिचा भुगा होतो, आणि मग तांब्याची पट्टी असून नसल्यासारखी. पंखा बोंबलत राहतो, हाताला चटके बसतात आणि शेवटी यंत्र आपलं आपण बंद पडतं. जुनी पेस्ट पुसायची, नवी लावायची, एवढाच इलाज. पण तेवढ्यासाठी सगळं उघडावं लागतं, आणि नाथाला जगात दुसरं काय हवं होतं?

पहिल्यांदा त्यानं दात घासायला घेतात तशी पेस्ट घेतली. मी ओरडले, अरे, दाण्याएवढी पुरते. "कुटल्या दाण्याएवढी?" त्यानं मान वर न करता विचारलं. तांदळाच्या, तोही अर्धा. "इंद्रायणीच्या का आंबेमोहराच्या?" भाताच्या गावचा माणूस, त्याला फरक पडत होता. मी म्हटलं, आंबेमोहराचा धर, बारका असतो. त्यानं सगळी पुसली आणि परत लावली. परत पुसली. जास्त झाली तर बाजूनं ओघळते, कमी झाली तर कोपरे कोरडे राहतात. चौथ्या की पाचव्या खेपेला मनासारखी बसली, त्यानं स्क्रू आवळले, बटण दाबलं. पंखा इतका हळू फिरत होता की दोघंही कान लावून ऐकत बसलो. "घे," मी म्हटलं, "तुझाच आता हा." लहान मुलाला द्यावा तसा दिला मी तो त्याला, आणि त्यानंही तसाच घेतला. मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ होता, तोच तो खेळायचा. भट्टीवरून घरी आला की अंघोळ, जेवण, आणि अर्धा-पाऊण तास गेम. तेवढा वेळ त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. वर्षाला ते ठाऊक होतं, तिला त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते मामांना. ते गावाहून कधीमधी वराळ्याला यायचे आणि पोरगं हातात खेळणं घेऊन बसलेलं बघायचे. "चाळिशीचं घोडं, आन् गेम खेळतंय!" हे वाक्य त्यांनी देवळात म्हटलं, एसटीत म्हटलं, सोयऱ्यांत म्हटलं. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, असल्या मुलाला नावं ठेवायला बिचाऱ्यांना दुसरं काही सापडत नव्हतं. आणि हेच मामा बैलगाड्यांच्या शर्यती असल्या की भर उन्हात दिवसभर घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या कडेला, उभे राहतात, घसा बसेपर्यंत ओरडतात, दुसऱ्या दिवशी बोलता येत नाही. ती मर्दाची हौस. हा मात्र पोरखेळ!

या वर्षी उन्हाळा कसा होता, हे मावळात कुणाला सांगायला नको. शेवटच्या भेटीला नाथा आला तो वाळून आलेला. चेहरा काळवंडला होता, ओठ फुटले होते. गेम बरोबर आणला होता. पंखा परत आवाज करायला लागला होता, म्हणून त्यानं बसल्या बसल्या उघडला. जुनी पेस्ट कापसानं पुसून काढली, आणि मग कळलं, माझ्याकडची ट्यूब उष्म्यानं वाळून दगड झाली आहे. त्यानं तिथल्या तिथे फोनवरून नवी मागवली, माझ्या दुकानाच्या पत्त्यावर. मी म्हटलं, तोवर तात्पुरतं झाकण तरी लाव. "बिनपेस्टची चालू केली तर जळंल ती. ऱ्हाऊ दे हितंच. फुडच्या सुट्टीला येतो."

मग चहा पिताना सहज बोलावं तसं बोलला. त्याच्या शेडमधला गरम हवा बाहेर ओढणारा मोठा पंखा कितीतरी दिवसांपासून बंद होता. सांगून झालं होतं. त्यानं स्वतः चढून बघतो म्हटलं तर सुपरवायझर म्हणाला, तुझं काम नाही, माणूस येणार आहे. माणूस काही येत नव्हता. "हितं पंखा बंद पडला तर मशीन सोताहून बंद व्हतं," नाथा माझ्या टेबलाकडे बोट करून म्हणाला, "आन् आमच्या शेडमदी पंखा बंद पडलाय, आन् आमी चालू." आम्ही दोघंही हसलो. असल्या गोष्टींवर हसायची आपल्याकडे सगळ्यांनाच सवय आहे. दुपारच्या गाडीनं तो गेला... जाताना मला दहा वेळा बजावून, की पंखा लावायचा नाही, स्क्रू उडतील.

त्या आठवड्यात तो गेम खेळणं शक्यच नव्हतं, कारण गेम माझ्याकडे होता. उघडा. माझ्या डोळ्यांसमोर. तो रात्री काय करत होता हे वर्षाला माहीत होतं. वराळ्याची ती खोली वरच्या मजल्याची, भिंती रात्रभर तापलेल्या, म्हणून दोघं गच्चीवर चटई टाकून झोपत होती. झोपत होती, हो. सकाळी उठून डबा घेऊन तो भट्टीवर जात होता. आणि एका दुपारी तेलाच्या टाकीजवळ कोसळला. बरोबरच्यांनी उचलला तेव्हा अंग हात लावू देत नव्हतं, इतकं तापलेलं. घाम मात्र नव्हता. हे त्यांनीच वर्षाला सांगितलं, हळू आवाजात, मागे वळून बघत. चारचौघांत बोलायची वेळ आली तेव्हा सगळे मूग गिळून बसले. त्यांनाही नोकऱ्या आहेत, मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होत नाही.

दिवसकार्य व्हायच्या आतच कंपनीचं म्हणणं वर्षाच्या हातात आलं, लेखी. शेडमध्ये इतर कामगारही होते, त्यांना काही झालं नाही. कामगार रात्री जागून गेम खेळत असे, अपुऱ्या झोपेमुळे त्याला चक्कर आली. कंपनीचा यात दोष नाही. आणि तसा खुद्द त्याच्या वडिलांचा जबाब आहे. बंद पंख्याचं नाव कुठेही नाही. वर्षानं हे मला फोनवर वाचून दाखवलं. मी दुकानात उभी होते, समोर गिऱ्हाईक होतं, मी काय ओरडले ते आठवत नाही. गिऱ्हाईक फोन तसाच ठेवून निघून गेलं.

दशक्रियेला गावच्या नदीवर सगळी जमली. आमच्याकडे दशक्रियेला मांडव, माईक आणि श्रद्धांजलीची भाषणं असतात, त्याशिवाय मेलेल्या माणसाला गती मिळत नाही अशी बहुतेक समजूत असावी. एक पुढारी गाडीतून उतरला, नाथाचं पूर्ण नाव, नवनाथ, चिठ्ठीवर बघून घेतलं आणि माईकवर म्हणाला, तरुणांनी या घटनेतून बोध घ्यावा, मोबाईल आणि गेमच्या आहारी जाऊ नये. माणसांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी वर्षा बसली होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. मी उठणार होते, तिनं माझ्या मांडीवर हात ठेवून मला खाली बसवलं.

मग पिंड ठेवला. त्याच्या आवडीची कांदाभजी ठेवली, बिनदुधाचा चहा ठेवला. पलीकडे जांभळीवर कावळे होते, चांगले पाच-सहा, पण एकही खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, असं मानतात. म्हणून एकेक जण पुढे होऊन हात जोडून वचन द्यायला लागला. वर्षाला अंतर देणार नाही रे. तुझ्या घरावर लक्ष ठेवू रे. ऊन चढत चाललं, भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा मामा वळले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "कल्पे, त्याचा जीव त्या गेमात हाय. तुज्याकडंच असंल न्हवं त्यो? आण. हितं ठिऊ पिंडापाशी. मग बग कसा येतोय कावळा."

माझा तोल गेला. बाई माणसानं घाटावर आवाज चढवायचा नसतो म्हणे. मी चढवला. "मामा, तो गेम माझ्या टेबलावर उघडा पडलाय. नाथा जायच्या आधीपासून पडलाय! त्यानं स्वतःच्या हातानं उघडलाय, स्क्रू न् स्क्रू काढून. पेस्ट नव्हती म्हणून तसाच ठेवून गेला. तो शेवटचा आठवडाभर गेमला शिवलासुद्धा नाही."

"उगडा म्हंजी?" मामा म्हणाले. "खेळता येत न्हाई का?"

"सुरूच होत नाही. त्याच्या बॅटरीसकट सगळं सुटं आहे."

 मामा वर्षाकडे वळले. "मग रातचं काय करायचा त्यो?"

"झोपायचे," वर्षा म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती. "गच्चीवर झोपायचे माझ्या शेजारी. तुमी कवा बघितलं आबा, रातरात खेळताना? तुमी तर दिवाळीपास्नं आलाच न्हाई वराळ्याला."

 मामांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, तरी मी मुद्दाम बघत राहिले. त्यांनी नाथाला शेवटच्या दिवसांत पाहिलंच नव्हतं. दवाखान्यात साहेबानं विचारलं आणि त्यांनी जुनी, पाठ झालेली शिवी हासडली, इतकंच. आणि ती त्यांच्या सहीनिशी त्या कागदावर जाऊन बसली. कावळा काही आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि उरकलं. परत फिरताना कुणीतरी म्हातारं पुटपुटलं, "जीव अडकलाच राव." वर्षानं मागे वळूनही न बघता म्हटलं, "अडकू द्या."

त्यानंतर काही दिवसांनी पेस्ट आली. कुरिअरवाला दारात उभा राहून म्हणाला, नवनाथ यांचं पार्सल आहे, ओटीपी सांगा. ओटीपी गेला होता नाथाच्या फोनवर, आणि फोन होता वर्षाकडे. मी तिला फोन लावला. तिनं एकेक आकडा सावकाश वाचला, मी एकेक आकडा त्याला सांगितला. "थँक यू मॅडम," म्हणून तो गेला. वर्षानं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही... दोघी नुसत्याच धरून बसलो.

मामा दुकानात आले ते असेच एका सकाळी, न सांगता. त्यांच्या गावाहून लोणावळ्याला यायचं म्हणजे आधी फाट्यापर्यंत चालत, मग वडगावची गाडी, मग पुढे. पायरीवर चपला काढून आत आले. देवळात आल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "दाव." मी ट्रे पुढे सरकवला. त्यांनी हात मागे बांधून, वाकून, सगळं बघितलं. झाकण, बॅटरी, तांब्याची पट्टी. चिकटपट्टीवरचं नाथाचं अक्षर मात्र बोट लावून वाचलं. "ह्यो त्याचाच हात," ते म्हणाले.  "वडगावला नाथाच्या मरणाच्या सरकारी चौकशीची तारीख हाय. म्या हे घिऊन जाणार."

आम्ही दोघं गेलोही. मामांच्या मांडीवर स्टीलचा मोठा डबा, त्यात फडकं अंथरून सगळे भाग, आणि गाडीला धक्का बसला की मामा डबा दोन्ही हातांनी उचलून धरायचे. कचेरीत चौकशीच्या मॅडम होत्या, तो कंपनीचा साहेब होता, आज बाटली आणली नव्हती. मामांनी टेबलावर डबा उघडला आणि उभ्यानंच सांगितलं की आपण त्या दिवशी जे बोललो ते खोटं होतं, आपण डोळ्यानं काही बघितलं नव्हतं. साहेब हसला. अगदी मायेनंच. "आबा, पण हे केव्हा उघडलं याला पुरावा काय? सही तर तुमचीच आहे ना?"

मामांनी टोपी काढली. मला वाटलं हात जोडतात की काय. "सायेब, म्या पोराला नावं ठिवली तवा तुमी पुरावा इचारला न्हाई," ते म्हणाले. "लगीच कागूद काडला. तवा माजं खरं वाटलं. आज मी त्याच तोंडानं खरं सांगतुय, तर पुरावा? तुमच्या पंख्याचा पुरावा कुटं हाय? त्यो आणा की हितं." त्यांचा आवाज भरून आला नाही, चिडलेलाच होता. मॅडमनी हा जबाबही लिहून घेतला. पंखा केव्हा दुरुस्त झाला त्याचे कागद घेऊन या, असं साहेबाला सांगितलं आणि पुढची तारीख दिली. एवढंच झालं. पुढच्या तारखेला काय होईल ते मला माहीत नाही, आणि मला फार आशाही नाही, कारण तो पंखा, ऐकते की, नाथा गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सुरू झाला, आणि दुरुस्तीच्या कागदावर कुठली तारीख घालायची ते त्यांच्याच हातात आहे.

लोक मला म्हणतात, आता मामांवरचा राग सोड, म्हातारा माणूस आहे, पोरगा गेलाय त्याचा. सोडणार नाही. नाथाला मामांनी मारलं नाही, त्या बंद पंख्यानं आणि तो बंद ठेवणाऱ्यांनी मारलं, हे मला चांगलं कळतं. पण मारणाऱ्यांच्या हातात रुमाल दिला तो मामांनी, हात पुसायला. वडगावला ते बोलले ते चांगलं बोलले. ते नाथा असताना एकदा बोलले असते तर त्यानं ऐकलं असतं.

त्या दिवशी परत आल्यावर मामांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "त्या सायबाचा निकाल लागला म्हंजी लावशील न्हवं ती पेस्ट? झाकण घालून बंद करशील ह्याला?" मी नाही म्हणाले. मी लावणार नाही. लावायची असेल तर तुम्ही लावायची, मामा. ते माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या बोटांकडे. नांगर धरून जाड झालेली, नखं फुटलेली बोटं. चपला घालून गेले. पुढच्या आठवड्यात आले, चष्मा बदलून.

आता ते दर आठवड्याला येतात. मी त्यांना मोडक्या फोनचे बोर्ड देते, स्पिरिट आणि कापूस देते, चहा देते. नाथानं मागवलेली ट्यूब मी फोडलेली नाही, दुसरी आणली आहे. मामा ट्यूब दोन्ही हातांनी धरतात, श्वास रोखतात आणि दाबतात, आणि दर वेळी जास्तच येते, चिपच्या चारी बाजूंनी ओघळते. मग माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "पुसा." ते पुसतात. मी म्हणते, "परत लावा."